टकटक, कोण आहे?

शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याहून सोलापूरला घरी आलेला माणूस रविवारी नऊपर्यंत झोपणार, हा त्याचा घटनादत्त अधिकार. आमच्याकडे मात्र साडेसहाला अप्पांची पद्मिनी स्टार्ट होते. चोक ओढायचा, दोनदा घर्रर्र, तिसऱ्याला सुरू. या आवाजात मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे त्यानं जाग येत नाही. त्या रविवारी आली. नेहमीच्या घरघरीत एक पाहुणा घुसला होता. टक टक टक टक.

डोळे चोळत खाली गेलो. अप्पा स्टिअरिंगवर, चेहरा एकदम प्रसन्न.

"अप्पा, इंजिनातनं आवाज येलालाय."

"कसला?"

"टकटक."

"मला तर काही येत नाही."

आणि इथेच खरं टेन्शन सुरू झालं. कारण गाडीत जरा कुठे खुट्ट झालं की घरात पहिलं कळायचं ते अप्पांना. "टॅपेट ढिले झालेत" हे ते बॉनेट न उघडता सांगायचे. आता तोच माणूस हसतमुखानं म्हणत होता की सगळं ठीक आहे. आई म्हणाली, दोन महिने झाले, शेजारच्या काकूंनीसुद्धा विचारलं.

ज्यांनी पद्मिनी फक्त मुंबईच्या पिक्चरमध्ये पाहिलीय, त्यांच्यासाठी थोडक्यात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी ही फियाट 1100 ची देशी मुलगी. 1974 पासून नाव पद्मिनी. चार सिलिंडर, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा अख्ख्या मुंबईनं डोळे पुसले. ठीक आहे, पण ही 1944 ची कंपनी ज्यानं काढली ते वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरात जन्मले, हे कुणी सांगत नाही. त्यामुळे अप्पांच्या मते पद्मिनी ही सोलापूरची गाडी, कुर्ल्यात नुसती जोडायचे. आमची 1984 ची. 2021 च्या नियमानं व्हिंटेज व्हायला 50 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे आमची अजून वेटिंग लिस्टवर.

मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. चकाचक, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन. तिथल्या पोरानं इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर काढली. (हे घरी उघड्या हातानं करू नका, चांगलाच झटका बसतो.) रेडिएटरकडच्या पहिल्या सिलिंडरची वायर काढली आणि टकटक बंद. वायर लावली, परत सुरू. तो माझ्याकडे बघून डॉक्टरसारखा म्हणाला, "सर, बिग एंड बेअरिंग गेलंय. इंजिन खोलावं लागेल." क्रँकचं ग्राइंडिंग, बेअरिंगचा सेट, लेबर, मिळून साठ हजार. शिवाय पार्ट मिळाले तर.

लॉजिक चुकीचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पिस्टनला क्रँकशी जोडणारा जो दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाचं बेअरिंग झिजलं की दर स्फोटाला तिथे ठोका बसतो. त्या सिलिंडरची ठिणगी बंद केली की दाब गेला, ठोकाही गेला. टॅपेट ढिला असता तर वायर काढून फारसा फरक पडला नसता. व्हॉल्व्ह काय, ठिणगी असो नसो, उघडझाप करतच राहतात.

संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात गाडी विकून मोकळा झालो होतो. होटगी रोडला एक जण जुन्या गाड्या घेतो, त्याला फोनही केला. जेवताना विषय काढला. अप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "बेअरिंग गेलं म्हणाला?"

"हो."

"नाही गेलं."

"अप्पा, तुम्हाला तो आवाजच ऐकू येत नाही!" मी जरा जोरातच बोललो. आई माझ्याकडे बघायला लागली.

"म्हणूनच म्हणतो. गणपतीत लेझीम निघतं, तेव्हा मला ढोल ऐकू येतो, झांज येत नाही. बेअरिंगचा आवाज ढोल असतो. खालचा, जड. तो मला आला असता."

मी गप्प. अप्पांनी एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात काढली. शेडमध्ये शंभरेक माग एकदम चालायचे, कानात कापूससुद्धा नाही. कारखान्याच्या गोंगाटानं कान जातात ते सगळे एकदम जात नाहीत. आधी वरची पट्टी जाते, साधारण 3000 ते 6000 हर्ट्झमधली. स, श, फ ही अक्षरं पुसट होतात, पाखरं मुकी होतात, खालचे आवाज मात्र बरेच दिवस शाबूत राहतात. म्हणजे अप्पांचा कान बिघडला होता खरा, पण एका ठरावीक जागी. जो आवाज त्यांना येत नव्हता, तो बारीकच असणार. आणि मी? मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून दहा वेळा ओरडलो असेन, तेवढंच.

सोमवारी रजा टाकली. बॉसला सांगितलं, घरी पेशंट आहे.

अप्पांचा जुना मिस्त्री, ज्याला आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्याचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड आणि एक पत्रा. चाचानं गाडीला हातच लावला नाही. आधी विचारलं, "थंड असताना जास्त येतो का गरम झाल्यावर?"

हा प्रश्न त्या कॉफी मशीनवाल्या गॅरेजमध्ये कुणी विचारला नव्हता. मी चार किलोमीटर गाडी चालवत नेली होती, म्हणजे अर्धा पुरावा वाटेतच विरघळलेला. "थंड असताना," मी म्हणालो. "गरम झाली की कमी होतो."

"मग बेअरिंग नाही. बेअरिंग गरम झाल्यावर बोंबलतं. ऑइल पातळ होतं ना." अप्पा माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम.

गाडी दुपारपर्यंत झाडाखाली थंड होऊ दिली. तोवर दोन चहा झाले आणि अप्पांची आणि चाचाची पेट्रोलच्या भावावरून एक वादावादी. मग चाचानं आधी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला. धातूतला ठोका असा थेट डोक्यात येतो. खालून काही नाही. वर टॅपेट कव्हरवर नेहमीची टिकटिक. मग त्यानं पेट्रोलची जुनी रबरी नळी घेतली, मीटरभर. एक टोक कानात, दुसरं टोक सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या कडेनं हळूहळू फिरवलं, पंख्यापासून हात जपून. स्क्रू ड्रायव्हर धातू ऐकतो, नळी हवा ऐकते. पहिल्या सिलिंडरपाशी तो थांबला आणि नळी माझ्या कानाला लावली.

फट फट फट फट. कुणी कानात फुंकर मारल्यासारखं.

मॅनिफोल्डचा पुढचा नट ढिला पडला होता आणि तिथलं पॅकिंग जळालेलं. फटीतून जळलेला वायू दर वेळी बाहेर थुंकत होता. बाजूला काजळीचा बोटभर काळा पट्टा होता, जो डोळे उघडे ठेवले असते तर मलाही दिसला असता. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज बसतो. आणि प्लगची वायर काढली की स्फोटच नाही, मग फुंकर कुठली? म्हणजे एकाच टेस्टमध्ये दोन वेगळे आजार अगदी सारखे दिसतात. फरक इतकाच की एकाचं बिल साठ हजार आणि दुसऱ्याचं चाचानं सांगितलं सहाशे, त्यात चहा धरून. टॅपेटशीही हा आवाज बेमालूम जुळतो, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो आणि त्याचा प्रत्येक व्हॉल्व्हही दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. 800 आरपीएमला मिनिटाला 400 टकटक. ताल तोच, वाजवणारा वेगळा.

पॅकिंग बदलायला तास गेला, त्यातला बराचसा जुना नट तुटू नये म्हणून डिझेल लावून वाट बघण्यात. गाडी पुन्हा थंड असताना सुरू केली. चोक, घर्रर्र, घर्रर्र, सुरू.

"गेला का रे?" अप्पांनी विचारलं.

"गेला."

"नक्की?" त्यांनी चाचालाही विचारलं. मग चहावाल्या पोरालासुद्धा. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आता त्यांना दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागणार, आणि ते त्यांना अजिबात जमत नाहीये.

होटगी रोडवाल्याला फोन करून नाही म्हणालो. पुढच्या शनिवारी अप्पांना कानाच्या टेस्टला नेलं. जाताना कुरकुर, मशीनचं पट्टं अंगाला लावणार नाही वगैरे. रिपोर्टवर एक आलेख असतो, डावीकडे जड आवाज, उजवीकडे बारीक. त्यांची रेघ डावीकडे बरीचशी सरळ होती आणि 4000 पाशी धाडकन खाली. त्यांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ बघितला आणि डाव्या बाजूवर बोट ठेवलं.

"हा बघ ढोल."