उत्तर आधी सांगू नका



काजूची पाने पिवळी पडली की आपण म्हणतो, ‘खत कमी पडले.’ खत घालतो आणि वाट पाहतो. पुष्कळदा दोष खताचा नसतो. बुंध्याशी रोठा लागलेला असतो. त्याची अळी सालीच्या आतला भाग आणि मुळे पोखरते, अन्नरसाची वाट तुटते. पाने पिवळी पडेपर्यंत उशीर झालेला असतो. असे झाड सहसा सावरत नाही.

हाच प्रश्न मुलांना अभ्यासाला द्यावा. आधी समस्या, मग पुस्तक, ही रीत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले; २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. साधन हाती आले आहे. पण मोबाइलवर तयार उत्तरच दाखवले, तर घोकंपट्टी पाटीवरून पडद्यावर आली, एवढेच.

शिक्षक आणि पालकांनी मिळून धडा असा करावा. मोबाइलवर चार फोटो काढावेत: पिवळे झाड, शेजारचे निरोगी झाड, दोघांचे बुंधे, आणि बुंध्याशी पडलेला भुसा व डिंक. पहिला फोटो दाखवून विचारावे, ‘कारणे कोणकोणती असतील?’ पाणी, खत, कीड, मुले सांगतील ते सारे लिहून घ्यावे. मग विचारावे, ‘यातले खरे कोणते, हे ओळखायला काय पाहाल?’ मुलांनी मागितल्यावरच पुढचा फोटो दाखवावा. शेवटी विचारावे, ‘हे आधी कसे कळले असते?’ उत्तर मुलांनीच काढावे: पाने हिरवी असतानाच बुंधे तपासावेत, भुसा दिसताच पटाशीने साल काढून अळी मारावी.

काढलेले उत्तर पडताळूनही पाहावे. आपल्या वेंगुर्ल्यात १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. तेथे मुलांना न्यावे, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत.

मोबाइलवर रोज कोणी ना कोणी हमखास औषध सांगतो. ते फवारण्याआधी घरातल्या झिलाने वा चेडवाने ‘कशावरून?’ म्हणून विचारले, तर त्याला उद्धट म्हणू नका. त्या एका प्रश्नाने बागेतले झाड वाचू शकते. येत्या रविवारी मुलांना बरोबर घ्या आणि दहा बुंधे तपासून पाहा.