ठिपक्यांचा माणूस
मागील महिन्यांत वाशीम येथें एका स्नेह्यांच्या घरीं आमचा मुक्काम होता. त्यांचा १४ वर्षांचा नातू संगणकाच्या पडद्यावर एकेक चौकोनी ठिपका, म्हणजे पिक्सेल, भरून खेळासाठीं माणूस तयार करीत होता. आजोबांच्या मतें हा निव्वळ कालापव्यय. नातवाच्या मतें आजोबांना यांतलें कांहीं कळत नाहीं. दोघांनींही आम्हांस पंच नेमलें.

आम्हीं चित्र पाहिलें. १६ ठिपके रुंद व ३२ ठिपके उंच असा तो धोतर नेसलेला गृहस्थ चालत नव्हता, शेवाळावरून घसरत होता. आणि चोहों कडांनीं सारखाच काळोख भरल्यामुळें उशीसारखा फुगलेला दिसत होता. दोष मुलालाही दिसत होते. कारण सांपडत नव्हतें.

आम्हीं आजोबांना अंगणांत चार फेऱ्या घालण्याची विनंति केली व नातवास नुसतें पाहावयास सांगितलें. टेकलेल्या पायावर भार आला कीं डोकें किंचित् खालीं येतें. दुसरा पाय त्याच्याजवळून पुढें जातांना तें वर उठतें. उजव्या पायाबरोबर डावा हात पुढें येतो. एका पावलाच्या चार अवस्था, दोन्ही पायांचीं मिळून ८ चित्रें. डोकें एकच ठिपका खालींवर झालें तरी पुरे. मात्र टेकलेलें पाऊल चित्रांत जितकें मागें सरकेल तितकाच माणूस पुढें गेला पाहिजे. घसरण्याचें मूळ तेथेंच आहे.

ही विद्या वाशीमला परकी नाहीं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेंतील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत अजिंठ्याचें १६ वें लेणें करविलें. अजिंठ्याच्या चित्रांत छायेनेंच देहास गोलाई आणली आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत छायेचे तीन प्रकार सांगितले असून त्यांपैकीं एक 'बिंदुज', म्हणजे ठिपक्यांचा आहे. नृत्य जाणल्यावांचून चित्रविद्या कळणें कठीण, असेंही तेथें म्हटलें आहे.

हें ऐकून आजोबा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले व त्यांनीं विचारलें, "काय रे, तुझ्या या माणसावर ऊन कोणत्या बाजूनें पडतें?"

नातू निरुत्तर झाला. उशीचें कारण सांपडलें होतें! मग प्रकाश डावीकडून, वरून ठरला. रंगाच्या तीन छटा पुरल्या. छायेंत नुसता काळा न मिसळतां निळसर झांक दिली. पलीकडचा हात व पाय एका छटेनें गडद करतांच दोन पाय वेगळे ओळखूं आले. विरळ ठिपक्यांची छाया मात्र स्थिर भिंतीपुरती ठेवली. चालत्या देहावर ती लुकलुकते.

आमचा निवाडा असा: वेळेची मर्यादा आजोबांनीं घालावी, पण ती घालण्यापूर्वीं एकदां शेजारीं बसावें. आणि नातवानें पडद्यावर जितकें पाहावें, त्याहून अधिक अंगणांत पाहावें. निघतांना पाहिलें तों ठिपक्यांचा गृहस्थ डाव्या गुडघ्यांत जरासा लचकत चालत होता; तो कोण, हें आजोबांनीं तत्काळ ओळखलें.