बोटांचे डोळे काढून घेऊ नका

गोडादऱ्याहून नवापूरमार्गे खानदेशात जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना कोंडाईबारीचा घाट नवा नाही. भर पावसात पुढची काच आतून धुरकटली, की वारा काचेकडे वळवावा लागतो. पूर्वी त्यासाठी खटका असे; नजर रस्त्यावर राही, बोटांना जागा ठाऊक असे. आता अनेक नव्या गाड्यांत तेच काम गुळगुळीत पडद्यावरील चित्रांत धुंडाळावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगात नजर दोन सेकंद ढळली, तरी गाडी ३३ मीटर आंधळी धावते.

‘वी बिलॅगारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगात चाचणी घेतली. २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्वोत ठरावीक कामे दहा सेकंदांत उरकली. पडद्याच्या एका नव्या गाडीत ४४.९ सेकंद लागले. ही प्रगती म्हणावी काय?

चालवताना हातात मोबाइल धरणे आपल्या कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीत धोकादायक वाहनचालन ठरवले. मग त्याहून मोठा पडदा समोर ठोकला, की ती प्रतिष्ठा कशी होते?

‘ग्राहकालाच हे हवे’, असे म्हटले जाते. पण ग्राहक गाडी पारखतो दालनात, उभी असताना, चालवतो घाटात! युरो एनकॅपने २०२६ पासून भोंगा, वायपर, इशारादिवे यांच्या प्रत्यक्ष बटणांना गुण ठेवले आहेत. भारत एनकॅपनेही तसेच करावे. तोवर, खरेदीपूर्वी डोळे मिटून बटण सापडते का, एवढे प्रत्येकाने अवश्य पाहावे.