लँडफॉल झाला? झोपू नका बे!

रात्रीचा एक वाजलाय. सकाळी साडेआठला लॉगिन, नऊला क्लायंट कॉल. आणि आपला हीरो अंथरुणात पडून मोबाइलवर एक पांढरा गोळा फिरताना बघतोय. रिफ्रेश. पुन्हा रिफ्रेश. मग ग्रुपवर मेसेज पडतो, ‘डोळा दिसतोय बे!’ आणि पाठोपाठ सात-आठ जण आपण जागे असल्याचा पुरावा देतात.

ओळखलंत ना? हे आपले वादळवेडे. प्रत्येक ऑफिसात एक तरी असतोच. बाकीची जनता शेअर मार्केट किंवा क्रिकेटचा स्कोअर बघत असते, तेव्हा याच्या स्क्रीनवर इनसॅटचा फोटो, विंडीवरचे वाऱ्याचे रंगीत पट्टे आणि हवामान खात्याचं ताजं बुलेटिन अशी तीन खिडक्या उघडी. चहाच्या टपरीवर तो ‘टी नंबर साडेतीन झाला’ असं काहीतरी बोलतो आणि बाकीचे समजतात, साडेतीन चहा सांगितले.

गंमत म्हणजे ही मंडळी सोलापुरातही आहेत. सोलापुरात! जिथे पाऊस म्हणजे पाहुणा आणि समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची ट्रिप. मग इथल्या माणसाला चक्रीवादळाचं एवढं काय पडलंय? पडलंय, आणि पडायलाच हवं. पण त्याआधी थोडं या वेडाबद्दल.

दूध उतू जातं तसं

वादळवेड्यांना सगळ्यात जास्त झिंग चढते ती ‘रॅपिड इंटेन्सिफिकेशन’ची. मराठीत सांगायचं तर वादळानं अचानक अंगात आणणं. हिशोब सोपा आहे. वाऱ्याचा वेग २४ तासांत ताशी ५५ किलोमीटरने किंवा त्याहून जास्त वाढला, की ते वादळ या क्लबात. त्यासाठी समुद्राचं पाणी गरम हवं, नुसतं वरवर नाही तर खोलवर. हवेत दमटपणा भरपूर हवा. आणि खालचे-वरचे वारे एकमेकांशी भांडत नसले पाहिजेत, नाहीतर वादळाचा मनोरा तिरका होऊन मोडतो. तिन्ही गोष्टी जुळल्या की गॅसवरच्या दुधासारखं होतं. बघता बघता काहीच नाही, आणि पाठ फिरवली की उतू!

पाठ फिरवायला वेळही फार मिळत नाही. २०२० च्या नोव्हेंबरमधलं अरबी समुद्रातलं वादळ आठवा. त्याला भारताने दिलेलं नाव होतं ‘गती’. अमेरिकी नोंदींनुसार ते बारा तासांत ताशी ६५ किलोमीटरवरून १८५ वर गेलं आणि सोमालियावर धडकलं. नावाला जागलं म्हणायचं! २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोत ‘ओटिस’ने याहून वाईट केलं. २४ तारखेच्या सकाळी ते साधं वादळ होतं आणि त्याच रात्री अकापुल्को शहरावर थेट पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत आदळलं. संगणकाची मॉडेलं बघतच राहिली. लोक सकाळी कामावर गेले तेव्हा बातमी वेगळी होती आणि रात्री झोपताना वेगळी.

मॉडेलं चुकतात कशी? वादळ कुठे जाणार, हे आता बरंच नेमकं सांगता येतं. ते किती माजणार, हे सांगणं अजून अवघड आहे. आपल्या समुद्रांवर अमेरिकेसारखी विमानं रोज वादळात घुसवली जात नाहीत. मग उपग्रहाच्या फोटोतल्या ढगांची ठेवण बघून ताकद जोखायची. ही पद्धत व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात बसवली, टी नंबर तिथलाच. चेहरा बघून ताप किती ते सांगणाऱ्या जुन्या डॉक्टरसारखं आहे हे. बहुतेक वेळा जमतं, आणि म्हणूनच हा खेळ इतका रंगतो. फोटो सगळ्यांना सारखाच दिसतो, अंदाज आपापला!

नाव नसलेलं वादळ

आता येऊ आपल्या गावात. २०२० साल. जूनच्या ३ तारखेला ‘निसर्ग’ अलिबागजवळ धडकलं. १ जूनला ते साधं डिप्रेशन होतं, दोन दिवसांत तीव्र चक्रीवादळ. अख्खा महाराष्ट्र टीव्हीला चिकटला होता. वर्क फ्रॉम होममुळे पुण्याची आयटी जनताही सोलापुरात आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात तेच बघत होती. सोलापूरला त्याचा मोठा फटका काही बसला नाही.

मग आला ऑक्टोबर. बंगालच्या उपसागरात एक सिस्टिम तयार झाली. तिचा दर्जा ‘डीप डिप्रेशन’. ऐकायला सोमवार सकाळचा मूड वाटतो, पण ही हवामान खात्याची अधिकृत पायरी आहे. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की मगच चक्रीवादळ म्हणतात आणि मगच नाव मिळतं. हिचा वारा त्या रेघेच्या आसपासच रेंगाळला. त्यामुळे नाव नाही, डोळा नाही, टीव्हीवर ग्राफिक्स नाहीत. वादळवेड्यांच्या दृष्टीने सी ग्रेड पिक्चर.

१३ ऑक्टोबरच्या सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान ही सिस्टिम आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढली. खेळ खल्लास? नकाशा काढून बघा. काकीनाडा साधारण १७ अक्षांशावर, सोलापूर साडेसतराच्या जरासं वर. म्हणजे आपण तिच्या जवळपास नाकासमोर, सरळ पश्चिमेला पावणेसातशे किलोमीटरवर. वारा जमिनीवर येऊन थकला, पण पोटातलं पाणी कुठे जाणार? १३ च्या रात्री हैदराबाद बुडालं. १४ ला पाळी आपली. ओढे-नाले रस्त्यांवरून वाहिले, अक्कलकोट भागात बोरी नदीने गावांत शिरून धिंगाणा घातला. पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. उजनीतून पाणी सोडावं लागलं आणि भीमाकाठच्या लोकांना घरं सोडून हलावं लागलं. सोयाबीन, ऊस, डाळिंब, द्राक्ष, सगळ्यांच्या मुळाशी पाणी. मग ही सिस्टिम अरबी समुद्रात उतरली आणि तिथे पुन्हा थोडी सावरलीसुद्धा.

गंमत बघा, याच सोलापुरात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएमचे शास्त्रज्ञ ढगांत विमानं घालून पाऊस वाढतो का, हे तपासत होते. पर्जन्यछायेतलं शहर म्हणूनच ते इथे आले. प्रयोगासाठी २७६ ढग निवडले आणि त्यांतल्या २१३ ढगांत बीजारोपण केलं. आणि पुढच्याच वर्षी एका बिननावाच्या सिस्टिमने न मागता एवढं ओतलं की पुरे म्हणायची वेळ आली. दुष्काळाची सवय झालेल्या गावाला पुराची सवय नसते. नदीपात्राकडे आपण मोकळी जागा म्हणून बघतो आणि नाल्याकडे पार्किंग म्हणून. अडचण होते ती इथे.

एक दिवस हातात होता

सकाळी सात ते दुसऱ्या दिवशीचा पाऊस, हिशोब करा. साधारण एक अख्खा दिवस आपल्या हातात होता. खात्याच्या इशाऱ्यांत मध्य महाराष्ट्राचं नाव होतं. आणि आपल्याकडे खात्याच्या जोडीला आणखी एक नेटवर्क आहे, जे पुण्या-मुंबईकडे नाही. पूर्व भागातल्या घराघरात तेलुगू बोललं जातं. कुणाचा मामा हैदराबादला, कुणाची आत्या वरंगळला. तिकडे रात्री गल्लीत कमरेएवढं पाणी असेल, तर सकाळी सोलापुरात फोन वाजणारच. अशा फोनसाठी उपग्रह लागत नाही हो!

पण वादळवेड्यांचा नेम काय असतो? डोळा बघायचा, वेग बघायचा, लँडफॉल बघायचा, ‘बाय बाय’चा स्टिकर टाकायचा आणि झोपायचं. किनाऱ्यावरच्या माणसाला हे परवडतं. सोलापूरकराला नाही. आपल्यासाठी लँडफॉल म्हणजे मध्यांतर.

आणि समुद्रावर अंगात आणणाऱ्या वादळाचा आपल्याशी तसा थेट संबंध नसला, तरी त्यातला धडा अगदी आपला आहे. कालचा अंदाज आज शिळा होतो. सकाळी बघितलं आणि दिवसभर निवांत, असं चालत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा तर बघायला वादळही नव्हतं. माढा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली ती वरच्या भागातल्या पावसाने. डोळ्याची वाट बघत बसला असता, तर बघत बसलाच असता!

मग या वेडाचं करायचं काय?

सोडायचं मुळीच नाही. फक्त थोडं सोलापुरी करून घ्यायचं.

एक, नाव बघू नका, पाऊस बघा. ‘फक्त डिप्रेशन आहे’ हे वाक्य वाऱ्याबद्दल आहे, पाण्याबद्दल नाही.

दोन, दहा दिवसांनंतरचा लालभडक नकाशा ग्रुपवर टाकू नका. मॉडेल रोज मत बदलतं, ग्रुपवरचे काका बदलत नाहीत. एकदा का त्यांनी तो चार ग्रुपवर ढकलला, की खरा इशारा येतो तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

तीन, अमेरिकी आकडा मोठा आणि आपला छोटा दिसला की ‘सरकार लपवतंय’ म्हणून ओरडू नका. ते एका मिनिटाची सरासरी धरतात, आपलं खातं तीन मिनिटांची. मोजपट्टीच वेगळी.

चार, सिस्टिम काकीनाडा-मछलीपट्टणच्या बाजूने चढली की पुढचे ४८ तास ॲप उघडं ठेवा. उपग्रहाच्या फोटोपेक्षा जिल्ह्याचा इशारा बघा, पिवळा आहे की केशरी की लाल. आणि उजनीचा विसर्ग बघा. आपल्या डोक्यावरचं आभाळ निळं असलं तरी वरून सोडलेलं पाणी पंढरपूरला यायचं ते येतंच.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं. कळलं ते ग्रुपवर टाकून थांबू नका, फोन करा. आपल्यातल्या निम्म्या जणांचं मूळ गाव भीमा, सीना नाहीतर भोगावतीच्या काठी आहे. तिथल्या काकांना टी नंबर सांगून उपयोग नाही. त्यांना सांगायचं, ‘काका, उद्या दुपारपासून जोरात हाय. नदीवरची मोटर आजच वर काढा. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाका. द्राक्षाची छाटणी दोन दिवस थांबवा. जनावरं नदीकाठाला बांधू नका.’ ते आधी हसतील. ‘तू काय हवामान खातं झालास काय रे?’ म्हणतील. हसू द्या. मोटर मात्र वर काढतील.

एक मोटर वाहून गेली की किती नुकसान होतं, ते शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या कुणालाही विचारा. मोटर, पाइप, केबल, आणि वर पुन्हा नवीन घ्यायला सोसायटीचे उंबरे. तुमच्या रात्रीच्या जागरणातून तेवढं वाचलं, तर सकाळच्या कॉलमध्ये दोन जांभया चालून जातील.

बॉसने विचारलंच की डोळे का लाल, तर सांगा, ‘सर, रेड अलर्ट होता.’