आपण होऊन बोलणाऱ्यांचें लोकमत

एखाद्या प्रश्नावर मतें मागवावीं, आपण होऊन जीं येतील तीं मोजावीं, आणि लोकांचा कौल असा पडला म्हणून जाहीर करावें, ही रीत आतां सरकार, नगरपालिका व वर्तमानपत्रें या सर्वांच्याच अंगवळणीं पडली आहे. आंकडा लाखांच्या घरांत गेला कीं शंका घेणाराच वेडा ठरतो. वेडा कोण, याचा निकाल अमेरिकेंत १९३६ सालींच लागला आहे.

त्या वर्षीं अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें सुमारें १ कोटि मतपत्रिका टपालानें धाडल्या. २३ लाखांवर परत आल्या. त्यांवरून लँडन यांस शेंकडा ५७ मतें पडतील असें भाकित त्यानें केलें. पूर्वींच्या पांच निवडणुकींत त्याचें भाकित खरें ठरलें असल्यानें लोकांचा विश्वासहि होता. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकलीं! गॅलप यांनीं मात्र सुमारें ५० हजारच माणसें पारखून रूझवेल्ट यांचा जय आधींच वर्तविला होता. दोन वर्षांत तें साप्ताहिक बंद पडलें.

नांवें टेलिफोन व मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे सुखवस्तु वर्गांतून घेतलीं, हें कारण सर्वश्रुत आहे. पण तें अर्धेंच. पेव्हरिल स्क्वायर यांनीं १९८८ सालीं जुनी पाहणी तपासून दाखविलें कीं, पत्रिका मिळालेल्या सर्वांनीं उत्तर दिलें असतें तर त्याच सदोष यादींतूनहि रूझवेल्ट यांचाच जय दिसला असता. म्हणजे घात केला तो गप्प राहणाऱ्या तीनचतुर्थांशांनीं. धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडचा दाणा पाहून सौदा ठरवीत नाहीं, सळई आंत खुपसतो. राज्यकारभारांत तेवढीहि सावधगिरी नसावी काय?

आमच्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाचें २३ वें कलम आहे. नियमांस पूर्वप्रसिद्धीची अट असेल तेथें मसुदा छापून हरकती व सूचनांचा विचार करावा, असें तें सांगतें. विचार करावा, मोजदाद नव्हे. हरकत एकच असली तरी तींतील मुद्दा सबळ असूं शकतो, आणि एकाच मजकुराच्या दहा हजार पत्रांत मुद्दा एकच असतो. तीं पत्रें बहुमत म्हणून पुढें करणें, आणि ज्या हमालास वा हातगाडीवाल्यास नोटीस दिसलीहि नाहीं त्याच्या बाबतींत 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणणें, हा त्या कलमाचा उघड विपर्यास होय. मोजावयाचेंच असेल तर चिठ्ठ्या टाकून घरें निवडावीं, तेथें माणूस पाठवावा, आणि किती जणांस विचारलें व किती बोलले नाहींत हे दोन्ही आंकडे निकालाशेजारींच छापावे.