पावणी मोबाईलवर, कल्ला उघडून कोण बघणार?



१ ऑगस्टला दर्या उघडतो. त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत आपल्याकडे दोनच गोष्टींची धावपळ. एक म्हणजे जाळी-इंजिन, आणि दुसरी म्हणजे दुचाकी. पहाटे जेटीवर पोचायला बस नसते. बर्फाची स्लिप आणायची, एखादा क्रेट बाजारात टाकायचा, तुटलेला पार्ट घेऊन म्हापशाला पळायचे, हे सगळे गाडीशिवाय होत नाही. नवी घ्यायला हातात पैसा नसतो, कारण बंदीचे दोन महिने नुसते खाण्यात गेलेले असतात. मग घरात कोणीतरी म्हणतो, "जुनी बघूया."

पूर्वी जुनी बघायची म्हणजे ओळखीच्या मेकॅनिककडे शब्द टाकून ठेवायचा. आता पोरगा मोबाईल काढतो. तिथे मालकच गाडी लावतो, आपण घरी बसून बोली चढवायची. आपल्या भाषेत पावणीच ती. मधला दलाल जातो, पलीकडच्या तालुक्यातली गाडीही दिसते, आणि आपल्याला आपली गाडी विकायची असली तर चार पैसे जास्त मिळतात. त्यामुळे ऑनलाईन लिलावाला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. पण गेल्या वर्षी आमचीच त्यात फजिती झाली, म्हणून हे लिहितो आहोत.

संस्थेच्या कामाची जुनी स्कूटर गंजून गेली होती. समितीत ठरले, १२५ सीसीची मोटरसायकल घ्यायची, वर तीस हजारांच्या पुढे जायचे नाही. एक २०१७ ची गाडी लिलावात दिसली, एमएच-०७ नंबरची, म्हणजे सिंधुदुर्गची. फोटो झकास होते. रविवारी रात्री ९ ला बोली बंद होणार होती. आम्ही सहा जण कार्यालयात एका फोनभोवती. २० हजारांपासून सुरुवात झाली ती २९ पर्यंत गेली. तीस आमची. तेवढ्यात कोणीतरी ३०,५०० लावले. खरे तर तिथेच फोन खिशात घालायला हवा होता. पण आमच्यातले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "आता कशाला सोडता? पाचशेचा तर प्रश्न आहे." शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ दोन मिनिटांनी वाढायची. पाचशे-पाचशे करत आम्ही ३६,५०० वर गेलो, आणि मग पलीकडचा गप्प झाला.

पलीकडे कोण होता ते आम्हाला आजपर्यंत कळलेले नाही. जेटीवर लिलाव होतो तेव्हा समोर तोंडे दिसतात. कोण मडगावचा, कोण बेळगावचा, कोणाला खरेच माल हवा आहे आणि कोण उगाच भाव चढवतोय, ते दोन बोलींत कळते. नाखव्याच्या मेव्हण्याने बोली लावली तर सगळे हसतात. मोबाईलवर मेव्हणा ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे त्या माणसाच्या खात्यात टाकले. हो, पूर्ण. पत्रादेवी ओलांडून बांद्याच्या पुढे जाऊन गाडी आणली. इंजिन चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. कार्यालयात येऊन आरसी नीट वाचली तेव्हा कळले की नाव त्या माणसाचे नाहीच. त्याने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतली होती आणि सह्या केलेले कोरे फॉर्म तसेच कपाटात ठेवले होते. मूळ मालक मुंबईला. त्यावर फायनान्स कंपनीच्या कर्जाची नोंद. कर्ज फिटले होते, पण नोंद कोणी काढलीच नव्हती.

मूळ मालक गणपतीला गावी येणार असे कळले, तेव्हा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसलो. माणूस भला निघाला. चहा दिला, सह्या दिल्या, मोबाईलवर आलेला ओटीपीही सांगितला. फायनान्स कंपनीचे पत्र मिळायला दिवाळी उजाडली. मग तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, मग गोव्याचा रस्ता कर, मग इथला नंबर. जानेवारीत गाडी संस्थेच्या नावावर झाली. ऑगस्ट ते डिसेंबर, मोसमाचे ऐन महिने, ती शेडमध्ये उभी. टायर, चेन-स्प्रॉकेट, फेऱ्या, कर, सगळे धरून आकडा ५२ हजारांवर गेला. तेवढ्यात ओळखीच्या गॅरेजमधून जीए नंबरची, कागद स्वच्छ असलेली गाडी आली असती.

चूक त्या माणसाची किती आणि आमची किती? आमची जास्त. गाडीचा नंबर फोटोत स्पष्ट दिसत होता. तो नंबर सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर टाकला असता तर पाच मिनिटांत कळले असते. मालकाचे नाव तिथे काही अक्षरे झाकून येते, पण समोरचा माणूस तोच आहे का याचा अंदाज येतो. नोंदणी कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, कर्जाची नोंद आहे का, तेही दिसते. थकलेले चलान वेगळे बघता येते. याला पैसे पडत नाहीत. आपण बांगड्याचा कल्ला उघडून लाल आहे का बघितल्याशिवाय पाटीला हात लावत नाही. आणि ३६,५०० रुपये फोटो बघून देऊन टाकले.

आता ज्या गोष्टीवर आमच्याच सभासदांचे आमच्याशी पटत नाही, ती बोलतो. अनेक जण म्हणतात, "गाडी चालते ना? मग नावावर करायची कसली घाई? एजंटला पैसे, दोन दिवस फुकट, आणि पोलीस काय रोज थोडेच अडवतात." जेटीवर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी आपली गाडी कोणाच्या नावावर आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक.

कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. एकाच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे. विकणाऱ्याचा फॉर्म २९, नाव बदलण्याच्या अर्जाचा फॉर्म ३०. कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिकडचा ना-हरकत दाखला, फॉर्म २८. एवढेच कागद आहेत.

न केल्यास काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले. एक गाडी विकली गेली, तिथून पुढे आणखी हातांत गेली, नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. मग अपघात झाला. न्यायालयाने म्हटले, सरकारी नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्याने गाडी कधीची विकली होती, याचा उपयोग झाला नाही.

म्हणजे हे दोन्ही बाजूंनी लागते. तुम्ही पाच वर्षांपूर्वी कोऱ्या फॉर्मवर सही करून विकलेली गाडी आज कोण चालवतो, माहीत आहे? त्याने पहाटेच्या काळोखात महामार्गावर कोणाला उडवले तर नोटीस तुमच्या दारात येईल. आणि तुम्ही दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत असाल तर विम्याचे बघा. अपघातात समोरच्याला द्यायच्या भरपाईपुरते विम्याचे संरक्षण गाडीबरोबर पुढे जाते. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी यासाठी पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, नाहीतर दावा फेटाळला जातो. आपल्या घरात गाडी चालवणारा बहुतेक वेळा कमावणारा एकटाच असतो. रात्रभर जागून, ओल्या कपड्यांनी, झोपाळलेल्या डोळ्यांनी तो परत येतो. त्याच्या खाली असलेली गाडी कागदावर परक्याची असावी, हे आम्हाला पटत नाही. वेळ नाही म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, जून-जुलैत काय करता?

पैशाचे म्हणाल तर लिलाव जिंकला म्हणून सगळे पैसे लगेच द्यायचे नाहीत. थोडा बयाणा, त्याची पावती, पावतीवर चॅसिस आणि इंजिन नंबर. बाकीची रक्कम नोंदणीतल्या मालकाने समोर सह्या केल्यावर, बँकेतून. अर्ज ऑनलाईन भरताना ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो, म्हणून तो माणूस हाताशी हवा. विकणारा या अटीला तयार नसेल तर ती गाडी सोडा. दुसरी मिळते.

आता लोखंडाकडे येतो, कारण यात आपल्याइतका अनुभव कोणाला नाही. किनाऱ्यावरची गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असते. ज्या गाडीवर मासळीचे क्रेट वाहिले, तिच्यावर वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी रोज गळलेले असते, ते थेट चेन, मागची रिम आणि स्विंग आर्मवर. टाकी पॉलिश करता येते, पण स्विंग आर्मची खालची बाजू, सायलेन्सरचे पोट, स्पोकची बुडे, फ्रेमचे सांधे आणि ब्रेकचे नटबोल्ट कोणी पॉलिश करत नाही. तिथे वाकून बॅटरी मारा. ताजा काळा रंग दिसला तर नखाने खरवडून बघा. सीट काढून वास घ्या, हसू नका, मासळीच्या पाण्याचा वास चार वेळा धुतली तरी राहतो. मागचे शॉक बसलेले असतील तर ओझे वाहिले आहे असे समजा. चॅसिस नंबर हँडलच्या मानेवर असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी ताडून बघा. हे सगळे बोली लावायच्या आधी, प्रत्यक्ष जाऊन. तेवढ्यासाठी पेट्रोल जळले तरी चालेल.

१ एप्रिल २०२० नंतर नोंदवलेल्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आले. तसली गाडी घेताना आपल्या गावचा मेकॅनिक तिला हात लावतो का, ते आधी विचारा.

पर्यटकांना भाड्याने दिलेल्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्याही मोसम संपला की स्वस्तात निघतात. खासगी नोंद करून दिल्याशिवाय घेऊ नका. आणि अशा गाडीला किती हातांनी क्लच जाळला असेल, त्याचा हिशोब मीटरवर दिसत नाही.

हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांचाही ऑनलाईन लिलाव असतो. तिथे "जशी आहे, जिथे आहे" अशी अट. आधी अनामत भरावी लागते, जिंकून मागे फिरलात तर ती जाऊ शकते. गाडी उघड्यावर पावसात उभी असते, किल्ली नसते, आरसी जुन्या कर्जदाराकडे. तेव्हा कंपनीने फॉर्म ३६ भरून आपल्या नावावर नवी आरसी काढली आहे का, ते लेखी विचारा. आणखी एक सांगायचे, कायद्याचे नव्हे. ती ओढून आणलेली गाडी आपल्यासारख्याच कोणाच्या तरी घरची असते.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. "मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी विमानतळावर उभी आहे, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा", असा फोन आला की तो बंद करा. आपण गाडी विकत असताना कोणी क्यूआर कोड पाठवून "हा स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला, तर लक्षात ठेवा, पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की जातात. गेलेच तर लाजून घरी बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

समितीने आता एक ठरवले आहे. ज्या सभासदाला जुनी गाडी घ्यायची आहे, त्याने बोली लावण्याआधी गाडीचा नंबर घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावे. नोंद बघून देऊ, फॉर्मही इथेच मिळतील, पैसे घेणार नाही. घ्यायची की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. ज्यांच्या गाड्या अजून दुसऱ्याच्या नावावर आहेत त्यांनीही या महिन्यात कागद घेऊन यावे, कोणाचे नाव बाहेर जाणार नाही. वाहतूक कार्यालयात एकत्र जायला चार-पाच जण झाले तर आमच्यातला एक जण बरोबर येईल.

आणि स्विंग आर्म खालून कसा गंजतो ते शिकायचे असेल, तर आमची ३६,५०० ची गाडी कार्यालयासमोरच उभी असते.