साचा म्हणजे बांधणी नव्हे

‘मी फाटकी छत्री बोलतेय.’ ‘मी शाळेचा जुना फळा बोलतोय.’ मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाच्या वहीत एकदा तरी अशी निर्जीव वस्तू बोलून गेलेली असते. आणि सगळ्या वस्तू एकाच आवाजात बोलतात. आधी दुकानात दिमाख, मग प्रेमळ मालक, मग अडगळ, शेवटी दोन उसासे. छत्री खोडून सायकल लिहा, काडीचा फरक पडत नाही.

यालाच आपल्याकडे निबंधाची ‘बांधणी’ म्हणतात. प्रस्तावना, मध्य, समारोप. प्रस्तावनेत सुविचार, मध्यात फायदे-तोटे, समारोपात पुन्हा सुविचार. माझं म्हणणं सरळ आहे: ही बांधणी नाहीच. हा साचा आहे, आणि तो मुलांना विचार करण्यापासून वाचवतो.

मी संध्याकाळी नववी-दहावीच्या काही मुलांना मराठी शिकवते. ‘मोबाईल : शाप की वरदान?’ हा विषय दरवर्षी कुठून तरी येतोच. एका मुलाची सुरुवात होती, १९७३ साली मार्टिन कूपर यांनी मोबाईलवरून पहिला फोन केला. बरोबर आहे. पण या मुलाचे वडील बाईकवरून घरोघरी जेवण पोचवतात. फोनची बॅटरी संपली की त्या दिवसाची कमाई थांबते. ग्राहकाने किती स्टार दिले, हे रात्री घरात जेवताना बोललं जातं. शाप की वरदान, यावर त्या घराकडे सांगण्यासारखं खूप आहे. निबंधात त्यातलं अक्षरही नव्हतं. का, तर ‘घरचं कसं लिहायचं निबंधात?’ शेवटी अर्थातच ‘अति तेथे माती’. म्हणजे प्रश्न विचारला होता आणि उत्तर दिलंच नाही, तरी निबंध पूर्ण!

आता एक दुसरा शाळकरी निबंध बघा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. विषय, मांग-महारांचं दुःख. ती सुविचाराने सुरुवात करत नाही. ती वाद घालते. वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आम्हाला धर्मग्रंथ नाही. आणि ग्रंथ नाही तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. मग पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले ते सांगते. मग बाळंतपणाबद्दल लिहिते: बाईच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पाऊस अंगावर. आणि मग आपल्याच लोकांकडे वळून सांगते की ज्ञानाचं औषध घ्या.

ही बांधणी. शिकण्याचं आवाहन शेवटी आहे, कारण त्याचा हक्क आधीच्या प्रत्येक परिच्छेदाने कमावलाय. ते उचलून पहिल्या परिच्छेदात टाका, नुसता उपदेश उरेल. बाळंतिणीचं दुःख आधी आणून धर्माचा प्रश्न मागे ढकला, युक्तिवादाचं हाडच मोडेल.

म्हणून मी मुलांना एकच कसोटी देते. लिहून झालं की दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदाची अदलाबदल करा. निबंधाला काहीच झालं नाही तर तुमच्याकडे निबंध नाही, यादी आहे. गाईडमधल्या कुठल्याही निबंधावर करून बघा. (ऋतूंवरचे सोडा, तिथे तर वाक्यंसुद्धा कुठूनही कुठे हलवता येतात.)

आणि सुरुवात? तुम्हालाच माहीत असलेल्या गोष्टीने करा. मग स्वतःला विचारा, ‘बरं, मग?’ त्याचं उत्तर म्हणजे पुढचा परिच्छेद. पुन्हा ‘बरं, मग?’ वर्गातला सगळ्यात आगाऊ मुलगा काय हरकत घेईल ते आठवा आणि त्यालाही उत्तर द्या. उत्तर सापडलं नाही तर मत बदला. मत बदलत बदलत लिहिलेला निबंध मला कधीही चालेल. सांगायचं संपलं की थांबा.

‘हे सगळं ठीक, पण मार्कांचं काय?’ हा प्रश्न पालक विचारतात, शिक्षकही. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, साचा ओळखीचा असतो, मार्क पडतात. खरं आहे. पण हा सुरक्षितपणा कुणाला मिळतो तेही बघा. ज्याच्या घरी गाईड आहे, प्रमाण मराठी बोलली जाते, त्याला ‘निसर्गाची मुक्तहस्ते उधळण’ पाठ करणं सोपं. जिच्या घरी अहिराणी किंवा कोरकू बोलतात, ती आधी स्वतःचं सगळं बोलणं दाराबाहेर ठेवते आणि मग उसनी वाक्यं जमवते. त्या उसनवारीतही ती दुसऱ्यांपेक्षा कमीच पडणार. तिचं शेत, तिची एसटी, तिच्या आजीचा रोजगार हमीचा हिशेब, हे तिचं भांडवल आपण पेपर सुरू होण्याआधीच जप्त केलेलं असतं.

उद्या हा साचा फोनच भरून देईल, दोन सेकंदांत, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय. आजच देतोय. त्यावर ‘मुलं कॉपी करतात’ म्हणून कपाळावर हात मारणाऱ्या शिक्षकांना माझा एकच प्रश्न आहे: त्याआधी ती काय करत होती?